बाप्तिस्म्यानंतरचे वय

आपल्या साहित्यात धर्मांतर ही घटना म्हणून पुष्कळदा आले आहे. धर्मांतरानंतरचे आयुष्य मात्र फार थोड्यांनी लिहिले. 14 ऑक्टोबर 1956 चा दिवस, नागपूरची ती गर्दी, पांढरी लुगडी, भाकरी बांधून पायी निघालेली माणसे हे सारे आपण कवितेत वाचले, आत्मकथनांत वाचले, सभांतून ऐकले. पण ती माणसे गावी परतली, चुलीपुढे बसली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी या नव्या धर्माचे काय केले? तो त्यांच्या अंगात कितपत मुरला, कुठे अडला, कुठे नुसताच भिंतीवर टांगलेला राहिला? हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत. टाळण्याचे कारण उघड आहे. घटना सांगताना आपली मान ताठ राहते, प्रक्रिया सांगताना ती थोडी खाली घालावी लागते.

ख्रिस्ती समाजात या प्रक्रियेला एक ठरलेले नाव आहे. ते म्हणतात, विश्वासात प्रौढ होणे. पौलाच्या पत्रांत दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाची आणि जड अन्न पचविणाऱ्या मोठ्या माणसाची तुलना आहे, तिच्यावर उभा असलेला हा शब्द आहे. बाप्तिस्मा हा जन्म. त्यापुढे वाढायचे असते. पाळकाच्या तोंडी तो इतका रुळलेला असतो की ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मी तो प्रथम अकोल्याला एका पत्र्याच्या छपराच्या प्रार्थनाघरात ऐकला आणि मला तो आमच्याही उपयोगाचा वाटला. एका बौद्ध घरातल्या प्राध्यापकाने ख्रिस्ती श्रद्धेवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे, म्हणून आधी ते सांगून टाकतो.

माझी आजी आणि तिची धाकटी बहीण या दोघी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या महारवाड्यात वाढल्या. आजीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. धाकटी त्याच्या आधीच अकोल्याला ख्रिस्ती घरात दिली गेली होती. तिच्या सासऱ्याचा बाप दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढलेला, म्हणजे गावाच्या भाषेत दुष्काळी ख्रिस्ती. तिला आम्ही अकोल्याची आजी म्हणायचो. दोघी बहिणी एकाच उतरंडीतून निघाल्या, दोन दिशांना गेल्या, आणि दोघींनाही निघताना आपण कुठे चाललो आहोत याची नीटशी कल्पना नव्हती. माझ्या आजीच्या कोनाड्यात बाबासाहेबांच्या तसबिरीमागे शेंदूर लावलेला एक गोटा पुष्कळ वर्षे होता, तो तिने कधी टाकला हे कोणालाच सांगता येत नाही. अकोल्याच्या आजीला मी एकदा विचारले होते की तू ख्रिस्ती झालीस तेव्हा तुला काय वाटले. ती म्हणाली, "काय वाटन बाप्पा? पहिले दहा वर्सं त मी नुसती मान हलवत होती. पाद्री बोले अन् मी मान हलवो. मंग कवा तरी समजाले लागलं." हे वाक्य मी विसरू शकलो नाही. त्या 'मंग कवा तरी' मध्ये जे घडले त्याचा शोध मराठी साहित्यात घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शोध घेताना पहिली अडचण अशी की मराठीतले धर्मांतरितांचे जे वाङ्मय आपल्या हाती लागते ते जवळजवळ सगळे वरच्या जातींतून आलेल्यांचे आहे. बाबा पदमनजी कासार, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक हे ब्राह्मण. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या मंडळ्या भरल्या त्या प्रामुख्याने महारांनी. वऱ्हाडात अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन आले, मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूंमध्ये काम करणारे मिशन आले, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट आले. तिथेही देवळाबाहेरची माणसेच आत आली. पण लेखणी मात्र मूठभर ब्राह्मण धर्मांतरितांच्या हाती राहिली. तेव्हा प्रौढ श्रद्धा म्हणजे काय हे मराठीत ठरले ते त्यांच्या अनुभवावरून ठरले. तो अनुभव खोटा नव्हता. तो आमचा मात्र नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवून तो वाचला पाहिजे.

रमाबाईंपासून सुरुवात करतो. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहांनी संपादित केला आणि तो 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा. पंचविशीतली एक परावलंबी विधवा, पदरात लहान मुलगी, ज्यांच्या घरी राहते त्यांचेच अन्न खाते, आणि त्यांनाच सांगते की तुमच्या चर्चचा प्रत्येक शब्द मी निमूटपणे मानणार नाही. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान सोडवून घेतल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्यास ती तयार नव्हती. त्रैक्याचा सिद्धांत ती प्रश्नाशिवाय गिळत नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशप सांगतात तेव्हा ती चिडते. सिस्टर जेराल्डीनला हा अहंकार वाटला, श्रद्धेचे अपक्वपण वाटले. मला उलट वाटते. तुमच्यावर उपकार करणाऱ्या माणसाला नाही म्हणता येणे ही प्रौढपणाची पहिली खूण आहे, आणि मिशनच्या आवारात जन्मलेल्या आमच्या माणसांना नेमकी हीच खूण परवडत नव्हती. ज्याची नोकरी, खोली, मुलांची शाळा, दवाखाना आणि शेवटी मातीसुद्धा एकाच आवारात आहे तो नाही कसा म्हणेल?

रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात एक विलक्षण कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. भक्तिमार्गी वाचकाला हा सगळा आतला मामला वाटेल. मला मात्र त्यांच्या श्रद्धेचे खरे वळण पाच-सहा वर्षांनी पुढे दिसते. 1887 साली अमेरिकेत त्यांनी जे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावातच 'उच्चवर्णीय' हिंदू स्त्री आहे. शारदा सदन 1889 मध्ये निघाले ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि त्यांचा जातिधर्म सांभाळून. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन केडगावला आल्या. त्या मुलींची जात विचारत बसण्याची ती वेळ नव्हती. मुक्ती सदन उभे राहिले ते त्यांच्यासाठी. पुस्तकाच्या नावातला तो शब्द रमाबाईंच्या कामातून गळून पडला तो प्रार्थनेने की भुकेलेल्या मुलींच्या रांगेने, याचा निवाडा मी करीत नाही. श्रद्धाळू म्हणतील दोन्ही एकच. पण एवढे निश्चित की ती वाढ होती, आणि तिला बाप्तिस्म्यानंतर तेरा-चौदा वर्षे लागली. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते आयुष्याच्या अखेरीस, 1922 साली, पुरे झाले. पंडितांच्या घरात जन्मलेल्या, संस्कृतात सभा जिंकलेल्या बाईने अखेरचे काम साध्या बायांना कळेल अशा मराठीसाठी केले. सरस्वतीची पदवी मिळालेल्या माणसाने पदवी उतरवून ठेवण्याचा हा प्रकार आपल्या समीक्षेने पुरेसा पाहिलेला नाही.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' हा या विषयावरचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ आहे असे मी मानतो. त्यांना तसे म्हटलेले कदाचित आवडले नसते. प्राध्यापक मंडळी हे पुस्तक विनोदासाठी, निरागसपणासाठी, घरगुती मराठीसाठी वाखाणतात. अभ्यासक्रमात उतारे लागतात तेही टिळकांच्या वेंधळेपणाचे. मी स्वतः अनेक वर्षे तसेच शिकवले. आता मला ते पुस्तक एका माणसाच्या अंगातून जात कशी निघते याची नोंदवही वाटते. वडिलांच्या सोवळ्याने वेडे झालेल्या घरात ही मुलगी वाढली. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तिला न सांगता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती नवऱ्याकडे नगरला आली, तरी तिचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग एका प्रवासात तिच्या मनात प्रश्न उभा राहतो की ही जात देवाने केली की माणसाने. देवाने केली असती तर माणसांच्या शरीरांत काही फरक दिसला असता. तेथून पुढे ती कोणाच्याही हातचे खायचे ठरवते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या क्षणी ती अजून ख्रिस्ती झालेली नाही. तिचा बाप्तिस्मा नंतरचा, 1900 सालचा. आधी जात गेली, नंतर ख्रिस्त आला. टिळकांचा क्रम याहून वेगळा होता. आमच्याकडे व्यासपीठावर गळ्यात निळा रुमाल आणि घरात पोटजात पाहून सोयरीक असा जो क्रम चालतो, त्याच्यापुढे या कोकणस्थ बाईचा क्रम ठेवून पाहावा.

पुस्तकाचा मोठेपणा असा की लक्ष्मीबाई हा बदल एका उडीत झाल्याचे सांगत नाहीत. मन तयार होते आणि घशाखाली घास उतरत नाही, हे त्या हसत हसत सांगतात. विचाराने जात सोडणे आणि पोटाने जात सोडणे यांतले अंतर मराठीत इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या सवर्ण लेखकाने मोजलेले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या पुष्कळांनी पहिले टोक गाठले की दुसरे गाठल्याची पावती स्वतःच फाडून घेतली. प्लेगच्या काळात ही बाई रोग्यांत काम करते, अनाथ पोरे सांभाळते, नवरा गेल्यावर पोटासाठी झटते, आणि 1933 साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष होते. शाळेत न गेलेली बाई!

परंतु याच ठिकाणी माझे भांडण सुरू होते. ज्यांच्या हातचे खाऊन लक्ष्मीबाई प्रौढ झाल्या त्या माणसांचे काय? नगरकडचे महार-मांग ख्रिस्ती या पुस्तकात येतात-जातात. त्यांच्याविषयी माया आहे, कळवळा आहे. पण ते लक्ष्मीबाईंच्या वाढीची पायरी म्हणून उभे आहेत. त्यांची स्वतःची वाढ कुठेच नाही. ब्राह्मणी बाईला घास गिळताना काय झाले हे आपल्याला पानेच्या पाने कळते. तो घास ज्या बाईने रांधला तिला, आपल्या हातचे खाताना समोरच्या माणसाचा घसा दाटून येतो आहे हे पाहताना, काय वाटले असेल? तिनेही त्याच ख्रिस्ताचे नाव घेतले होते. तिच्या श्रद्धेला त्या दिवशी काय पचवावे लागले? हे जड अन्न लक्ष्मीबाईंच्या ताटात नव्हते. त्यांच्यावर मी याचा ठपका ठेवीत नाही, त्यांनी आपले लिहिले आणि अप्रतिम लिहिले. दुसरे पुस्तक मात्र आपण लिहायचे होते.

रेव्हरंड टिळकांविषयी थोडक्यात. त्यांच्या धर्मांतराच्या कथेत आपल्या मुलखाचा एक धागा आहे, तो असा की 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्या गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला तो अर्नेस्ट वॉर्ड फ्री मेथॉडिस्ट मिशनचा, ज्या मिशनने पुढे यवतमाळात बस्तान बसविले. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. परकी संस्था, परका पोशाख, परके सूर टाकून ख्रिस्ताला भजन-कीर्तनाच्या वाटेने आणायचे होते. अभ्यासक याला टिळकांच्या श्रद्धेची परिपक्वता म्हणतात, आणि पगार सोडण्याचे धैर्य पाहता ते खरेच आहे. पण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे येणे हा ज्याला पूल वापरण्याची मुभा होती त्याचा मार्ग झाला. चोखोबाचे जन्मगाव म्हणून परंपरा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाकडे बोट दाखवते. त्या चोखोबाला पुलाच्या कोणत्या टोकाला उभे केले होते हे सर्वांना ठाऊक आहे. महाराने जे मागे टाकले ते ब्राह्मण धर्मांतरिताने 'भारतीयता' म्हणून पुन्हा चर्चमध्ये आणले. ही एकाची प्रौढता आणि दुसऱ्याची परतफेरी ठरू शकते. दक्षिणेतील दलित ईश्वरविद्येच्या विचारवंतांनी हा आक्षेप स्वच्छ मांडलेला आहे.

तरीही माझ्याच आक्षेपाला मला एक ठेच लागते, ती लपवीत नाही. अकोल्याची आजी 'उपासना संगीता'तली टिळकांची पदे म्हणायची. डोळे मिटून, टाळ्यांच्या ठेक्यावर, जात्यावरच्या चालीत मोडून. तिला ती कोणा ब्राह्मणाची आहेत असे मी एकदा सांगितले. "असन," ती म्हणाली, "त्याले बी त कोनी तरी शिकवलंच असन." सिद्धांताने जे परके ठरते ते तोंडात घोळून आपले होते, याचा हिशेब समीक्षेने कसा करायचा ते मला अजून नीट सापडलेले नाही.

बाबासाहेबांची टीका याहून खोल आहे. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकर्षून घेतल्याचे सांगितले, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाला झाडलेही. तुमच्यात शिकलेली मुले-मुली इतकी, पण अन्यायाविरुद्ध चळवळ नाही. न शिकलेले अस्पृश्य तुमच्या पुढे गेले, असा त्याचा मतलब होता. त्यांच्या निधनानंतर, 1989 मध्ये, इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरितांच्या स्थितीवरचे प्रकरण छापले गेले. त्यातला एक मुद्दा मला प्रौढतेच्या प्रश्नाचा गाभा वाटतो. अस्पृश्याचे पतन झाले ते त्याच्याभोवतीच्या दुष्ट समाजव्यवस्थेने. तो चर्चमध्ये येतो आणि तेथे ऐकतो की त्याचे पतन त्याच्या स्वतःच्या पापामुळे झाले. मग तो लढेल कोणाशी? स्वतःशीच. पूर्वजन्मीच्या कर्माच्या जागी आदामाचे पाप आले, पाठीवरचे ओझे तेच राहिले.

ही टीका चर्चने ऐकली काय? उशिरा, आणि थोड्यांनी. 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी जे व्याख्यान दिले तेथून दलित ईश्वरविद्येची सुरुवात मानतात. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात भटक्या पूर्वजाची आठवण करून देणारी जी श्रद्धाघोषणा आहे ती निर्मळांनी दलित ख्रिस्ती माणसाची म्हणून वाचली. पूर्वज कोण होता, त्याला कोणी छळले, हे म्हटल्याशिवाय देवाचे नाव पुढे येत नाही. म्हणजे स्मृती हा श्रद्धेचा भाग झाला. आतापर्यंत मिशनने शिकवले होते की जुने ते मेले, नवे झाले, महारवाडा विसरा. यांनी सांगितले, विसरलात तर श्रद्धाच अपुरी. माझ्या मते बाबासाहेबांच्या आक्षेपाला ख्रिस्ती बाजूने दिलेले हे पहिले लायक उत्तर आहे. पण ते इंग्रजीत दिले गेले, सेमिनरीत दिले गेले. आमच्याच यवतमाळात 1953 पासून तीस वर्षे देशभरातून ईश्वरविद्येचे विद्यार्थी येत होते, 1983 मध्ये ती संस्था पुण्याला गेली. या दीर्घ मुक्कामातून वऱ्हाडातल्या महार ख्रिस्ती माणसाच्या हाती मराठी पुस्तक म्हणून काय पडले, हे कोणीतरी एकदा मोजले पाहिजे.

तमिळमध्ये बामाचे 'करुक्कु' 1992 साली आले. गावातल्या दलित कॅथलिक मुलीने जोगीण व्हावे, मठातली जात पाहावी, मठ सोडावा, आणि तरी ख्रिस्त न सोडता लिहावे, असे ते पुस्तक आहे. श्रद्धा संस्थेपेक्षा मोठी झाली की काय होते ते तेथे दिसते. मराठीत 'बलुतं' 1978 चे, 'जिणं आमुचं' आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1986 ची, 'आयदान' 2003 चे. या रांगेत ख्रिस्ती महाराचे किंवा मांगाचे तेवढ्या तोलाचे आत्मकथन उभे राहिलेले नाही. का नाही? आपणही त्याला हात धरून रांगेत घेतले नाही, हे एक कारण. आपल्या संमेलनांत ख्रिस्ती दलित पाहुण्यासारखा येतो. त्याला गाव 'बाटगा' म्हणते आणि आपण बोलत नाही, पण मनात म्हणतो की चुकीच्या गाडीत बसला.

दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि ते साहित्याच्या चर्चेत आणल्याबद्दल मी क्षमा मागत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. 1985 साली सूसै नावाच्या मद्रासच्या चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की धर्मांतरानंतरही जातीची झळ तितकीच तीव्र आहे हे सिद्ध झाले पाहिजे. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अंमलात आली नाही. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. 2024 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने, मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असे म्हटले. आपल्या राज्यात असे ख्रिस्ती इतर मागासवर्गात मोडतात, पण अॅट्रॉसिटीच्या कायद्याचे संरक्षण त्या रांगेत मिळत नाही.

याचा श्रद्धेशी काय संबंध? पाळक सांगतो, प्रौढ विश्वासणारा तो, जो चारचौघांत आपला विश्वास कबूल करतो. आणि शासन सांगते, कबूल केलास तर शिष्यवृत्ती गेली. लक्ष्मीबाईंना सासर-माहेर गमवावे लागले, ते लहान नव्हे. पण त्यांची साक्ष छापून आली म्हणून कोणाचा दाखला रद्द होणार नव्हता. आमच्या मुलाला मात्र दाखल्यावर एक आणि प्रार्थनाघरात एक असे जगावे लागते. मी अमरावतीला वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, हिने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. ज्याला लिहिताच येत नाही त्याची श्रद्धा वाढली की नाही हे कसं कळणार?" मला वाटले तो निरक्षरांविषयी बोलतो आहे. तास संपल्यावर तो थांबला तेव्हा कळले की तो स्वतःविषयी बोलत होता. त्याच्या कागदांवर जे लिहिले आहे ते मी येथे लिहीत नाही, त्याचे नावही नाही.

काही चर्चवाले अशा मुलांना दुबळे ठरवतात, प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. आपल्यातले काही त्यांना लबाड म्हणतात. 1990 पूर्वी आपल्यातल्या किती जणांनी केंद्राच्या सवलतीसाठी कागदावर हिंदू लिहिले होते, हे आठवावे. तेव्हा आपली श्रद्धा अप्रौढ होती काय? आपण स्वतःला उत्तर देतो की ते आपण नाइलाजाने केले. मग हे उत्तर शेजाऱ्याला द्यायला जीभ का अडखळते?

अकोल्याची आजी पाच वर्षांपूर्वी वारली. पन्नाशी उलटल्यावर ती मिशनच्या बायकांकडून अक्षरे शिकली होती, एवढे मला माहीत होते. मातीनंतर तिच्या पेटीत एक शाळेची वही निघाली. त्यात पहिल्या पानांवर नुसती नावे आहेत, ज्यांच्यासाठी ती प्रार्थना करायची त्यांची. माझ्या आजीचे नाव आहे, माझे आहे, ज्या घरी ती भांडी घासायची त्या बाईचे आहे, आणि ज्याने तिच्या नवऱ्याला कामावरून काढले त्याचेही आहे. त्याच्या नावापुढे फुली मारून पुन्हा लिहिले आहे, पुन्हा फुली, पुन्हा नाव. चार वेळा. पुढे किराण्याचे हिशेब आहेत, आणि मधेच, तारखेशिवाय, वऱ्हाडीत, अक्षरे मोडत केलेली काही टिपणे आहेत. त्यांत पाळकाशी झालेल्या एका भांडणाचे आहे, मोठ्या बहिणीने वंदना शिकवल्याचे आहे, आणि देवाला विचारलेले दोन-तीन प्रश्न आहेत ज्यांची उत्तरे तिने लिहिलेली नाहीत. ते नाव तिने कोणत्या दिवशी खोडले आणि कोणत्या दिवशी परत लिहिले हे कळत नाही. पण मी जी वीस-पंचवीस वर्षे शोधत होतो ती या फुल्यांत आहेत असे मला वाटते.

वही तिच्या नातवाकडे आहे. ती छापावी म्हणून मी दोनदा अकोल्याला गेलो. दुसऱ्या वेळी भिंतीवरचा क्रूस काढलेला होता, रंग उडालेल्या भिंतीवर त्याचा तेवढा गडद आकार राहिला होता. त्याचे जात पडताळणीचे प्रकरण चालू आहे आणि दक्षता पथकाचे लोक केव्हाही घर पाहायला येतात. तो मला म्हणाला, "दादा, दाखला हाती येऊ दे. मंग ने." वही त्याने तांदळाच्या डब्यात, खाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे.